मेडिक्लेम नाकारला तर: हरकत कुठे, कशी आणि कोणत्या क्रमानं घ्यायची

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की घरात फोनाफोनी सुरू होते. कस्टमर केअर, एजंट, हॉस्पिटलचा टीपीए (कंपनीसाठी क्लेमची फाइल हाताळणारी संस्था) डेस्क, कुणीतरी ओळखीचा. पंधरा दिवसांनी हाती काय, तर "वरती पाठवलंय" एवढं ऐकलेलं. लेखी एक ओळही नसते. पुढे विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कंपनीकडे लेखी तक्रार कधी केली?" आणि तिथेच गाडी अडते.

पुढचे सगळे टप्पे एकाच गोष्टीवर उभे आहेत. नकाराच्या पत्रात जे कारण छापलंय, त्याच कारणाला कागद जोडून उत्तर द्यायचं, आणि ते योग्य दारात, मुदतीत द्यायचं. हप्ते किती वर्षं भरले, घरच्यांना किती त्रास झाला, हे खरं असलं तरी त्यानं कारण खोडलं जात नाही.

टप्पा १: नक्की काय नाकारलंय ते ओळखा

कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. हॉस्पिटलात असतानाच "डिनाइड" असा मेसेज आला म्हणून लोक बिल भरून गप्प बसतात. कॅशलेसच्या वेळी कंपनीकडे अपुरे कागद असतात, म्हणूनही नकार येतो. अशा वेळी बिल भरा, पक्की पावती घ्या आणि परतफेडीचा क्लेम टाका. त्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि डिस्चार्जच्या तारखेपासून मोजली जाते. हा क्लेम टाकलाच नाही, तर ज्यावर हरकत घ्यायची तो निर्णयच अस्तित्वात येत नाही.

क्वेरी लेटर म्हणजेही नकार नव्हे. त्यात कागद मागितलेले असतात. ते दिले नाहीत तर "कागद न मिळाल्यानं फाइल बंद" असं पत्र येतं, आणि हा सगळ्यात फुकटचा नकार. मागितलेला कागद हॉस्पिटल देत नसेल तर तसं कंपनीला मुदतीत लेखी कळवा.

उरतात दोन खरे नकार: पूर्ण क्लेम फेटाळणं आणि रक्कम कापणं. कापलेल्या रकमेवरही हरकत घेता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

*सावधान:* कमी रक्कम खात्यात आली की त्याच आठवड्यात ईमेल करा: "रक्कम मिळाली, वजावट मान्य नाही, सविस्तर हिशेब द्या." "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागितली, तर सहीजवळ "वजावटीवरील हरकत राखून" असं हातानं लिहा.

टप्पा २: तारखा कॅलेंडरवर मांडा

नकाराच्या पत्राची तारीख हा शून्य दिवस. तिथून पुढे:

- कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार: १५ दिवसांत करून टाका. कंपनीनं १४ दिवसांत उत्तर देणं अपेक्षित असतं.
- विमा लोकपाल: कंपनीनं तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिलं नाही किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत.
- ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ही तारीख मूळ नकारापासूनच धरून ठेवा.

दर महिन्याला स्मरणपत्र पाठवलं म्हणजे मुदत वाढते, हा गैरसमज आहे. ती वाढत नाही.

टप्पा ३: कागद गोळा करा, युक्तिवाद नंतर

१. नकाराचं पत्र. त्यात पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला, हे असायलाच हवं. २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या मुख्य परिपत्रकानुसार विमा नियामकानं (आयआरडीएआय) कंपन्यांना हे बंधनकारक केलंय. शिवाय कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या किंवा तिच्या वरच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. नुसता एसएमएस आला असेल, तर आधी अटीच्या क्रमांकासह पत्र मागा.

२. पॉलिसीचं पूर्ण पुस्तक. लोक दोन पानांचं प्रमाणपत्र जोडतात आणि अटी असतात चाळीस पानांच्या फाइलीत. ज्या वर्षी भरती झालात त्याच वर्षाच्या अटी घ्या. नोकरीच्या ठिकाणची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून अटी मागा. नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत हातात फक्त ई-कार्ड असतं आणि आधीच्या आजारांची प्रतीक्षा मुदत (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) माफ आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत ती माफ असते.

३. विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत. एजंटनं भरला असेल तर नक्की वाचा. कुठे "नाही"वर टिक आहे ते आताच कळलेलं बरं.

४. पहिल्या वर्षापासूनच्या नूतनीकरणांची यादी. पॉलिसी पोर्ट केली असेल, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे हलवली असेल, तर आधीच्या कंपनीचीही.

५. डिस्चार्ज समरी, सगळे रिपोर्ट, तपशीलवार बिल, आणि मुख्य म्हणजे इनडोअर केस पेपर. भरती झाल्यापासूनच्या डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, हे सगळं त्यात येतं. कंपनी नकार शोधते ती इथे, पण नातेवाईकांनी हे पेपर पाहिलेलेच नसतात. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्जात तसा उल्लेख केला की काम लवकर होतं.

*तपासा:* सगळे कागद तारखेनुसार लावून प्रत्येक पानावर क्रमांक टाका. पुढे प्रत्येक वाक्य "पान १७ पाहा" असं लिहायचंय.

टप्पा ४: कारणानुसार उत्तर तयार करा

खरं काम इथेच आहे. घाई नको.

*"आजार आधीपासून होता, लपवला."* सगळ्यात जास्त भांडण यावरच. क्रमानं तीन गोष्टी पाहा.

पहिली, पॉलिसीचं वय. सलग ६० महिने पूर्ण झाले असतील तर माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम फेटाळता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. पोर्ट केलेली वर्षंही धरली जातात. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी ६० महिने वाढवल्यापासून मोजतात.

दुसरी, व्याख्या. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला असा आजार. व्याख्या पुराव्यावर उभी आहे, अंदाजावर नाही. तेव्हा कंपनीला लेखी विचारा: निदान कोणत्या तारखेचं, कोणत्या डॉक्टरांचं, कागद कुठला?

तिसरी, केस पेपरमधली एक ओळ. रात्री दोनला आणीबाणीत भरती करताना ड्यूटी डॉक्टर विचारतात, "बीपी कधीपासून?" घाबरलेला मुलगा म्हणतो, "असेल चार-पाच वर्षं." पेपरवर 'बीपी ५ वर्षांपासून' अशी नोंद होते आणि तीन वर्षांच्या पॉलिसीचा क्लेम तिथेच पडतो. यावर उपाय म्हणजे आधीच्या तपासण्या: ऑफिसच्या आरोग्य तपासणीचे रिपोर्ट, फॅमिली डॉक्टरांचं पहिलं प्रिस्क्रिप्शन, औषधाची सर्वांत जुनी पावती. यावरून आजार कधी सुरू झाला ते ठरवा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्र घ्या. नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली आणि कागद काय सांगतात, एवढं त्यात हवं.

*सावधान:* मूळ केस पेपरमध्ये खाडाखोड करून घेऊ नका. कंपनीच्या तपासनिसानं आधीच प्रत नेलेली असते. दोन प्रती जुळल्या नाहीत की साध्या वादाची फसवणूक होते.

आजार फॉर्मवर लिहिला होता आणि तरीही नकार आला, तर बाजू भक्कम आहे. प्रकृतीची माहिती मिळाल्यावर, तिचं मूल्यमापन करून पॉलिसी दिली असेल, तर फॉर्ममध्ये सांगितलेल्या त्याच स्थितीचं कारण काढून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ च्या निकालात म्हटलंय. आणि खरोखरच लपवलं असेल, पॉलिसी दोन वर्षांची असेल? मग अपेक्षा बेताची ठेवा. न्यायालयं महत्त्वाची माहिती दडवणं गंभीरपणे घेतात.

*"प्रतीक्षा मुदत संपलेली नाही."* मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघा बदल यांसारख्या ठरावीक आजारांना साधारण २४ महिन्यांची मुदत असते. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६. मुदत पहिल्या पॉलिसीपासून मोजा, चालू वर्षापासून नाही. पोर्ट केलेल्या पॉलिसीत नेमकी हीच चूक होते. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली असेल तर ठरावीक आजारांची मुदत सहसा लागू होत नाही. पॉलिसीतलं ते वाक्य शोधून अधोरेखित करा.

*"भरतीची गरज नव्हती, फक्त तपासण्या केल्या."* पावसाळ्यात डेंग्यू, ताप, गॅस्ट्रोच्या क्लेमना हे ठरलेलं उत्तर. इथे "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भरती झालो" एवढं पुरत नाही. केस पेपरमधून शिरेतून दिलेल्या औषधांच्या तारखा-वेळा, ताप व रक्तदाबाच्या नोंदी, प्लेटलेट्सचे रोजचे आकडे, उलट्यांमुळे तोंडानं काही जात नसल्याची नर्सची नोंद, हे उचला. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं: घरी ठेवून हे उपचार का शक्य नव्हते?

*"हॉस्पिटल व्याख्येत बसत नाही."* दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, मोठ्या शहरात १५, ही अट बऱ्याच पॉलिसींत दिसते. पण वाक्य नीट वाचा. बहुतेक ठिकाणी 'नोंदणीकृत असावं *किंवा* या अटी पूर्ण कराव्यात' असं असतं. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेकडच्या नर्सिंग होम नोंदणीच्या प्रमाणपत्राची, भरतीच्या दिवशी वैध असलेली प्रत हॉस्पिटलकडून मिळवा. एका 'किंवा'वर क्लेम वाचतो.

*"कळवायला उशीर झाला."* उशीर टाळता न येण्याजोगा असेल, तर निव्वळ त्या कारणावरून खरा क्लेम फेटाळू नये, असं नियामकानं सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलंय. उशिराचं कारण कागदासह द्या. आयसीयूत होतो, तर आयसीयूचे दिवस दाखवा.

*रूम रेंटवरून कापलेली रक्कम.* इथे कॅल्क्युलेटर घ्या. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची रोजची मर्यादा ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० ची. प्रमाण ६२.५ टक्के. तीन दिवसांचं खोलीभाडं २४,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९६,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या १,२०,०००. एकूण २,४०,०००. कंपनीनं सरसकट ६२.५ टक्के लावले तर मिळतात १,५०,०००. पण नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांच्या खर्चावर असं प्रमाण लावता येत नाही. मग हिशेब असा: खोली १५,००० + सर्जन वगैरे ६०,००० + औषधं-इम्प्लांट १,२०,००० = १,९५,०००. फरक ४५,०००. पॉलिसीत सहयोगी वैद्यकीय खर्चाची (Associate Medical Expenses) व्याख्या पाहा आणि हा हिशेब जसाच्या तसा पत्रात मांडा. खोलीनुसार दर बदलतच नसतील, तर हॉस्पिटलकडून तसं लिहून घ्या. मग हे प्रमाण लागूच होत नाही. हातमोज्यांसारख्या, विम्यात पैसे न मिळणाऱ्या वस्तूंवर मात्र भांडत बसू नका. त्यात वेळ जातो आणि मोठा मुद्दा झाकला जातो.

*"दर वाजवीपेक्षा जास्त."* कंपनीनं कोणते दर आधार धरले ते मागा आणि त्याच शहरातल्या तशाच दोन-तीन हॉस्पिटलांचे त्याच शस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक जोडा.

टप्पा ५: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र

टीपीएला नाही. टीपीए फाइल हाताळतो, निर्णयाची जबाबदारी कंपनीची. टीपीएला फक्त प्रत पाठवा. अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांत सापडतो. ईमेल कराच, शिवाय स्पीड पोस्टनं पाठवून पावती ठेवा. पत्र दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. साचा असा:

"पॉलिसी क्र. …, क्लेम क्र. …, नकाराच्या पत्राची तारीख …. आपण अट क्र. … नुसार '…' या कारणास्तव क्लेम नाकारला आहे. हे कारण पुढील कागदांवरून टिकत नाही: (१) …, पान …. (२) …, पान …. तरी रु. … मंजूर करून विलंबाच्या व्याजासह द्यावेत. नकार कायम ठेवायचा असल्यास आधार धरलेले कागद, तपासनिसाचा अहवाल आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीची तारीख द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, की नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर आयोगासमोर नव्यानं काढता येत नाही. म्हणून कंपनीला तिचं कारण कागदावर पक्कं करायला लावायचं. व्याजाबद्दल एवढंच, की परतफेडीचा क्लेम १५ दिवसांत निकाली काढायचा असतो आणि उशीर झाल्यास बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज लागू होतं.

टप्पा ६: बीमा भरोसा

नियामकाचं ऑनलाइन पोर्टल, किंवा १५५२५५ वर फोन. तक्रार नोंदवली की टोकन क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडेच जाते. इथे कुणी न्यायनिवाडा करत नाही. पण कंपनीवर नोंद पडते, पोच मिळते, पैसे लागत नाहीत. पंधरा मिनिटांचं काम आहे, करून टाका. मात्र याच्या उत्तराची वाट पाहत लोकपालाची मुदत घालवू नका.

टप्पा ७: लोकपाल की ग्राहक आयोग?

दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. उलटा रस्ता उघडा राहतो: लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, पण तुम्हाला पटला नाही तर आयोगात जाता येतं. म्हणून रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर आधी लोकपाल. शुल्क नाही, वकील चालत नाही, लागतही नाही. लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच रक्कम देतो. मनस्ताप, दाव्याचा खर्च यांची भरपाई हवी असेल, किंवा साक्षी-तज्ज्ञ लागतील इतकं प्रकरण गुंतागुंतीचं असेल, तर आयोग.

*लोकपाल, ठाणे.* ठाणे, नवी मुंबई, पालघर आणि रायगडसाठी ठाण्यात स्वतंत्र कार्यालय आहे: पूर्व द्रुतगती महामार्गालगत जीवन चिंतामणी इमारत, दुसरा मजला, ठाणे पश्चिम. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, चेंबूरही याच कार्यालयाकडे. जुन्या पॉलिसींच्या मागे अजून सांताक्रूझचा पत्ता छापलेला असतो आणि घणसोलीचा माणूस तिकडे पत्र पाठवून महिना घालवतो. तक्रार लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येते.

तक्रारीत नाव-पत्ता, कंपनी, घटनाक्रम, नुकसानीची रक्कम, मागणी आणि सही हवी. सोबत टप्पा ५ चं पत्र व त्याची पोच. ही पोच नसेल तर तक्रार परत येते. त्यानंतर एक संमतीचा नमुना येतो, तो भरून लगेच परत करा. इथेही पुष्कळ फाइली धूळ खातात.

सुनावणीआधी कंपनी आपलं म्हणणं सादर करते, त्याला एससीएन (सेल्फ कंटेन्ड नोट) म्हणतात. त्याची प्रत मागून घ्या, प्रत्येक मुद्द्यासमोर आपलं पान लिहून ठेवा. सुनावणी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर, आणि बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात कारण आणि त्याचा कागद सांगा, हॉस्पिटलची कहाणी नको. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो.

*ग्राहक आयोग.* २०१९ च्या कायद्यात आयोग ठरतो तो भरलेल्या हप्त्यावरून, मागितलेल्या रकमेवरून नाही. हप्ता ५० लाखांपर्यंत म्हणजे जिल्हा आयोग. आणि हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. एजंट "क्लेम वीस लाखांचा, मोठी फी पडेल" म्हणतात, ते जुन्या कायद्याचं डोक्यात ठेवून. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण नवी मुंबईकरांनी जिल्हा नीट पाहावा. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, नवीन पनवेल रायगडमध्ये, म्हणजे आयोग अलिबागचा. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल करता येते, त्यामुळे पहिला हेलपाटा वाचतो. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि क्रमांक टाकलेले कागद लागतात. इथे वकील ऐच्छिक आहे. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत.

निर्णय हाती आल्यावर

लोकपालाचा निवाडा मिळाल्यापासून कंपनीला ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. मागितलेली स्वीकृती आणि बँक तपशील पहिल्याच दिवशी पाठवा, म्हणजे उशीर तुमच्या बाजूनं झाला असं म्हणायला जागा उरत नाही. ३० दिवस उलटले तर २०२४ च्या परिपत्रकानुसार तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये दंड देय होतो. तो कंपनी आपणहून क्वचितच देईल. एकतिसाव्या दिवशी निवाड्याची प्रत आणि थकलेल्या दिवसांचा हिशेब जोडून कंपनीला पत्र पाठवा, प्रत लोकपाल कार्यालयाला.